विवाहानंतर स्त्रीचे नाव

दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरण्याचे दिवस आले म्हणजे विद्यार्थिनींची नावे, त्यांच्या वडिलांची नावे आणि आडनावे काना-मात्रेसह पुन्हा पुन्हा ताडून पाहण्याचे काम आम्हां शिक्षकांकडे येते. एखादी ऱ्हस्व वेलांटी दीर्घ झाली तरी पुढे तिचा केवढा उपद्रव होतो हे पालकांस ठाऊक असल्यामुळे तेही या बाबतीत दक्ष असतात. इतक्या काळजीने जपलेले हे नाव पुढे आठ-दहा वर्षांनी, लग्नाच्या दिवशी, पुष्कळ मुलींच्या बाबतीत एका घटकेत बदलून जाते. आणि त्या वेळी मात्र त्याचा विचार करावयास कोणास सवड नसते. मांडव, वाजंत्री, आहेर व पंगती यांच्या याद्या महिना महिना चालतात. परंतु वधूने उद्यापासून कोणत्या नावाने सही करावी, याची चर्चा फारच थोड्या घरी होते. हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही, आणि तो सुटलेलाही नाही. यास्तव त्याची थोडी फोड करून पालकांपुढे व वरच्या वर्गांतील मुलींपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आपले मराठी नाव तीन अवयवांचे असते : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव. इंग्रज स्त्री लग्नानंतर बहुधा केवळ शेवटचा अवयव बदलते. तामिळ स्त्रीच्या नावामागे वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते, त्या जागी पुष्कळदा पतीचे येते. आपल्याकडे मात्र जुनी चाल पूर्णपणे पाळली तर तिन्ही अवयव बदलतात. समजा, जिंतूरकरांची शांता रामराव जिंतूरकर ही पाथरीकरांच्या घरी दिली. (ही नावे केवळ उदाहरणादाखल घेतली आहेत.) गृहप्रवेश व लक्ष्मीपूजन झाल्यावर ताटात तांदूळ पसरले गेले, वराने त्यांवर अंगठीने नवे नाव रेखाटले, साखर वाटली गेली, आणि शांताबाई त्या क्षणापासून सौ. वसुधा केशवराव पाथरीकर झाल्या. पूर्वीच्या नावातील एक शब्दही शिल्लक उरला नाही! तेव्हा 'आडनाव बदलावे की नाही' हा प्रश्न आपल्याकडे एकेरी नसून तिहेरी आहे, आणि त्याच्या तिन्ही भागांचा निरनिराळा विचार केला पाहिजे.

या चालीची साक्ष आपल्या थोर स्त्रियांच्या चरित्रांत जागोजाग सापडते. परदेशी जाऊन वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या महाराष्ट्रीय स्त्री डॉ. आनंदीबाई जोशी या १८६५ साली कल्याणास जन्मल्या तेव्हा त्यांचे नाव यमुना होते. मौज अशी की, त्यांच्या माहेरचे आडनावही जोशीच असल्यामुळे आडनाव तसेच राहिले आणि जन्मनाव तेवढे गेले. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने जे नाव पदवीधरांत घातले, ते पतीने दिलेले होय. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई या माहेरच्या कुर्लेकर, आणि त्याही मूळच्या यमुनाच. झाशीची राणी लक्ष्मीबाई ही मोरोपंत तांबे यांची मणिकर्णिका. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक या नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांची मनू. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, त्यांचा स्वतःचा पुढे १९०० साली. परंतु धर्मांतराने दोघांचेही नाव बदलले नाही. लक्ष्मीबाईंचे नाव जे बदलले ते लग्नाने, आणि तेच अखेरपर्यंत टिकले.

या सर्वांत गोदूबाईंची कथा आम्हांस विशेष बोधक वाटते. त्या जन्माने जोशी. बालपणीच त्यांचे लग्न होऊन त्या नातू झाल्या आणि लवकरच त्यांस वैधव्य आले. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईस शारदा सदन उघडले, तेव्हा तेथे शिकावयास आलेली पहिली विधवा हीच. पुढे ११ मार्च १८९३ रोजी पुण्यास धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. तेव्हा त्यांचे नाव आनंदी ठेवण्यात आले. घरी व लोकांत मात्र त्या 'बाया' या नावाने ओळखल्या जात. म्हणजे एकाच बाईस तीन आडनावे व तीन हाकेची नावे! त्या काळी त्यांच्यापाशी ना परीक्षेचे प्रमाणपत्र, ना बँकेचे खाते, ना पारपत्र. त्यामुळे नावे बदलली तरी व्यवहारात अडले नाही. आजच्या मुलीचे तसे नाही, आणि सर्व प्रश्नाचे मर्म तेथेच आहे.

ज्यांनी शारदा सदन उघडले त्या पंडिता रमाबाईंचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. त्या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. परंतु कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली दिलेल्या 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्यांसह 'पंडिता रमाबाई सरस्वती' हेच नाव त्यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथावर घातले. मुलीने मात्र मनोरमा मेधावी असे पित्याचे आडनाव लावले. आई एका नावाची व मुलगी दुसऱ्या नावाची, म्हणून त्या मायलेकींच्या नात्यात काही उणे पडले असे कोणीही म्हणणार नाही.

पुष्कळांचा असा समज असतो की, पतीचे आडनाव लावणे ही अनादि काळापासून चालत आलेली रीत आहे. जुने कागद चाळले तर निराळेच दिसते. पुणे-सातारा प्रांतीच्या जुन्या दस्तऐवजांत पुरुषाच्या नावापुढे 'बिन' घालून वडिलांचे नाव लिहीत आणि विवाहित स्त्रीच्या नावापुढे 'कोम' घालून पतीचे. आमच्या मराठवाड्यातील शेतजमिनीच्या व न्यायालयाच्या कागदांत 'पि.' व 'भ्र.' ही अक्षरे आजही भेटतात, पि. म्हणजे पिता आणि भ्र. म्हणजे भ्रतार. उर्दू वळणाच्या कागदांत याच जागी 'वल्द' व 'जौजे' येतात. हे सारे शब्द काय करतात? ते नाते सांगतात, नाव पुसत नाहीत. 'अमुक भ्र. तमुक' असे लिहिले म्हणजे बाई कोणाची पत्नी हे कळते आणि तिचे स्वतःचे नावही जागच्या जागी राहते. आमच्या मते जुन्या कारकुनांची ही युक्ती आजच्या रकानेबंद अर्जांहून शहाणपणाची होती.

आडनाव ही वस्तूदेखील आज वाटते तितकी अढळ नव्हती. शाळा, कचेऱ्या व खानेसुमारी वाढल्यावर ती अशी ताठर झाली. आपल्याकडील गंगाखेडकर, पाथरीकर, सेलूकर, मानवतकर ही आडनावे पाहावी. गाव सोडून बाहेर गेलेल्या मनुष्यास परगावच्या लोकांनी ओळखीसाठी गावाचे नाव लावले, एवढाच त्यांचा इतिहास. गंगाखेडच्या संत जनाबाईंस महाराष्ट्र सातशे वर्षे ओळखतो, तो आडनावावाचूनच. पेशव्यांचे मूळ आडनाव भट. पद मोठे झाले तेव्हा पदच आडनाव झाले. 'यमुनापर्यटन' या १८५७ सालच्या कादंबरीचे कर्ते बाबा पदमनजी यांचे आडनाव मुळे हे किती वाचकांस ठाऊक असेल? डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ. गावावरून आंबडवेकर झाले, व शाळेच्या पटावर त्याचे आंबेडकर झाले. शाळेचा पट काय करू शकतो याचे याहून मोठे उदाहरण नाही! आणि जिजाबाईंस कोणी सिंदखेडच्या जाधवांची कन्या म्हणो, कोणी भोसल्यांची सून म्हणो. दोन्ही खरे आहे व दोन्ही एकदमच खरे आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाहाचा कायदा, १९५४ चा विशेष विवाहाचा कायदा आणि १९५५ चा हिंदू विवाहाचा कायदा, यांपैकी एकातही पत्नीने पतीचे नाव वा आडनाव घेतलेच पाहिजे असे कलम नाही. मुसलमान समाजात तर निकाहाच्या वेळी वधूचे नाव बदलण्याचा विधीच नाही. ख्रिस्ती विवाहाच्या नोंदवहीत वर व वधू दोघांची नावे व आडनावे आणि दोघांच्याही वडिलांची नावे व आडनावे यांचे रकाने आहेत. म्हणजे वधूचे माहेर त्या पानावर कायमचे नोंदले जाते. आमच्या समाजात बाप्तिस्म्याचे नाव लग्नात बदलीत नाहीत, एवढा भाग चांगला आहे. परंतु मधले नाव व आडनाव बदलण्यात आम्हीही शेजाऱ्यांच्या मागे नाही. याला धर्माचा आधार शोधू गेल्यास सापडत नाही. किंबहुना उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात विवाहाचे वर्णन आहे तेथे आईबापांस सोडण्याची गोष्ट पुरुषाविषयी सांगितली आहे. तिकडे आमच्या वराकडील मंडळींचे लक्ष फारसे जात नाही. पारपत्रासाठीही विवाहाचा दाखला जोडण्याची अट डिसेंबर २०१६ मध्ये काढून टाकण्यात आली, आणि विवाहित स्त्री माहेरच्या नावाने पारपत्र ठेवू शकते.

सक्ती नाही, तरी अडचण आहे. ती कोठे येते हे पालकांनी नीट समजून घ्यावे. दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव विवाहाने बदलत नाही. पुढील सारे शिक्षण त्याच नावाने होते. जातीचा दाखला मिळतो तो पित्याच्या कागदांवरून, पतीच्या नव्हे. उलट, लग्नानंतर शिधापत्रिका, मतदारयादी, आधार कार्ड व बँकेचे खाते यांत हळूहळू सासरचे नाव शिरते, आणि तेही सर्वत्र एकदम नव्हे, तर जशी गरज पडेल तसे. पाच-सहा वर्षांनी पाहावे तो एकाच बाईच्या निम्म्या कागदांवर एक नाव व निम्म्यांवर दुसरे. शिक्षिकेच्या वा परिचारिकेच्या जागेसाठी अर्ज करताना प्रमाणपत्रातील बाई व आधारातील बाई एकच, हे तिला सिद्ध करावे लागते. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आमच्या जिल्ह्यातील एखाद्या गावी सरपंचपद मागासवर्गीय स्त्रीसाठी राखीव झाले की उमेदवार बाईचे नाव मतदारयादीत सासरचे, आणि जातीचा दाखला व त्याची पडताळणी माहेरच्या नावाने, असा पेच उभा राहतो. मुदत थोडी व धावपळ फार, अशा वेळी हा पेच फार महाग पडतो.

याहून मोठी गोष्ट जमिनीची. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे. ख्रिस्ती कुटुंबांत १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखाच आहे. वडिलांच्या पश्चात वारसाचा फेरफार होतो तेव्हा सातबाऱ्यावर मुलीचे नाव कोणते लागावे? माहेरचे लावले तर तिच्या आजच्या ओळखपत्राशी जुळत नाही, सासरचे लावले तर ती मृताची कन्या हे त्या नावावरून दिसत नाही. भावांच्या मनात काही काळेबेरे असले तर या फटीतूनच तिचे नाव गळते. हिस्सा मागणे न मागणे हा ज्या त्या घरचा प्रश्न आहे. परंतु दोन नावांचा सांधा न जुळल्यामुळे हिस्सा बुडणे हे मात्र न्यायाचे नव्हे.

राज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये एक निर्णय केला, तो या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने लिहावयाचे आहे. विवाहित स्त्रीच्या बाबतीत स्वतःचे नाव, पतीचे नाव व आडनाव ही रूढ पद्धती शासनाने चालू ठेविली आहे. तथापि मालमत्तेच्या कागदांत विवाहापूर्वीचे नाव नोंदण्याची मुभा दिली आहे. यातील पहिल्या भागाचा परिणाम दूरवर जाणारा आहे. आईचे नाव आता मुलाच्या नावाचा अवयव झाले. मग तांदळात रेखाटलेले नाव लिहावयाचे की जन्मनाव? एकाच घरातील दोन भावंडांच्या अर्जांत आईची नावे निराळी, असा प्रकार आम्ही पटावर पाहतो. एकाने आजीकडून ऐकलेले लिहिलेले असते, दुसऱ्याने आजोळी ऐकलेले. हा घोळ नव्या पद्धतीत मुलांच्या जन्माच्या दाखल्यापर्यंत जाऊन पोहोचेल.

आता दुसरी बाजू. एका घरात एकच आडनाव असावे, मुलांस आईबापांचे नाव सारखे दिसावे, सुनेने आपले नाव लावले म्हणजे ती आपली झाली असे सासूबाईंस वाटावे, या भावना काही हास्यास्पद नव्हेत. कित्येक मुलींस नवे नाव मनापासून आवडते. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झालेल्या शारदा कबीर या १९४८ साली डॉ. आंबेडकरांशी विवाह झाल्यावर सविता आंबेडकर झाल्या. सुशिक्षित स्त्रियांनीही ही रीत पत्करल्याचे हे एक उदाहरण. बाळूताई खरे यांनी विभावरी शिरूरकर या टोपणनावाने लिहिले आणि विश्राम बेडेकरांशी विवाहानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. तिन्ही नावे त्यांनी समर्थपणे मिरविली. परदेशांतही एकमत नाही. कॅनडातील क्विबेक प्रांतात १९८१ पासून पतिपत्नी दोघांनीही जन्माचेच नाव कायदेशीर व्यवहारात वापरावे असा नियम आहे, मग कोणास बदलावेसे वाटले तरी! जपानात याच्या अगदी उलट. तेथील दिवाणी कायद्याने दांपत्यास एकच आडनाव घ्यावे लागते. ते पतीचे असो वा पत्नीचे, पण प्रत्यक्षात बहुतेक सर्व ठिकाणी पत्नीच आपले सोडते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ व २०२१ साली तो कायदा घटनेस धरून आहे असे ठरविले. आमच्या देशाने यांपैकी कोणतीही सक्ती केलेली नाही, हे आम्हांस बरे वाटते. फक्त सक्ती नसलेल्या ठिकाणी रूढीच सक्ती करू लागते, आणि मुलीस कोणी विचारीतच नाही, तेवढे बरे वाटत नाही.

आमचे मत विचाराल तर जन्मनाव कोणत्याही कारणास्तव बदलू नये. ते आईबापांनी ठेविलेले, मैत्रिणींनी हाक मारलेले, हजेरीत दहा वर्षे उच्चारलेले असते. आणि वर सांगितल्याप्रमाणे ते आता तिच्या मुलांच्याही नावात जाणार. सासरी लाडाने निराळे नाव ठेवावयाचे असल्यास ते हाकेपुरते असू द्यावे. मधल्या नावाबद्दल आमचा फारसा आग्रह नाही. आडनावाचा निर्णय मात्र मुलीचा असावा, व तो साखरपुड्याच्या सुमारास, दोन्हीकडील वडीलधाऱ्या मंडळींसमक्ष, मोकळेपणाने बोलून व्हावा. जिचे शिक्षण पुरे होऊन नोकरी लागली आहे, तिने माहेरचे नाव ठेवणे व्यवहारात सोयीचे पडते. जिला बदलावयाचे आहे तिने ते अर्धवट बदलू नये. दोन्ही आडनावे जोडून लावण्याचा प्रघातही वाढत आहे. त्यात दोन्ही घरांचा मान राहतो हे खरे, परंतु अर्जातील चौकटी अपुऱ्या पडतात, आणि एका कचेरीत एक आडनाव व दुसरीत दोन असे झाले की पुन्हा तोच घोळ.

निर्णय कोणताही होवो, विवाहाची नोंदणी तत्काळ करून तिचे प्रमाणपत्र घ्यावे. त्यावर वधूचे विवाहापूर्वीचे नाव असते, आणि दोन नावांमधील सांधा म्हणून पुढे तेच उपयोगी पडते. नाव बदलावयाचे ठरल्यास ते महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावे, त्याच्या प्रती जपून ठेवाव्या, आणि मग आधार, पॅन, बँक व मतदारयादी येथे एकाच वर्णलेखनाने, लागोपाठ, बदल करून घ्यावा. नाव बदलावयाचे नसल्यास सासरच्या शिधापत्रिकेत नाव घालताना तेथेही तेच नाव सांगावे. बहुधा घोळाचा आरंभ तेथूनच होतो, कारण त्या दिवशी कचेरीत मामंजी किंवा दीर गेलेले असतात आणि ते सवयीने आपले आडनाव सांगून येतात.

यंदा दहावीस बसणाऱ्या विद्यार्थिनींच्या पालकांस एक सूचना करावयाची आहे. मंडळाकडे पाठवावयाची नावांची यादी वर्गशिक्षकांकडून तपासणीसाठी घरी येईल. तीत मुलीचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव पाहून सही करावी, आणि आईच्या नावाचा जो निराळा रकाना आहे तो भरण्यापूर्वी कोणते नाव लिहावयाचे हे मुलीच्या आईस विचारावे.